बदकाची नजर आणि बटणांचा धसका

जगात कोठेतरी एखादे बदक आपल्याकडे टक लावून पाहत आहे, या भीतीला इंग्रजीत ‘अनाटिडीफोबिया’ असे भारदस्त नाव आहे. विचित्र भीतींच्या ज्या याद्या आंतरजालावर फिरत असतात, त्यांत हा शब्द सापाच्या आणि उंचीच्या भीतीच्या पंक्तीला बसलेला आढळतो. काही ठिकाणी तर त्याची लक्षणे आणि उपायही गांभीर्याने सांगितलेले असतात. मात्र या ‘विकारा’ची नोंद प्रथम कोणत्याही रुग्णालयात झाली नव्हती. अमेरिकी व्यंगचित्रकार गॅरी लार्सन यांनी ‘द फार साइड’ या आपल्या चित्रमालिकेत १९८०च्या दशकात तो गमतीने रचला. पायात मोजे घालून, नुकत्याच मेण लावलेल्या फरशीवर, स्वयंपाकघरातील टेबलाभोवती लांडगे पाठलाग करतील, अशा भीतीसाठीही त्यांनी असाच एक ग्रीक-लॅटिन वळणाचा शब्द बनवला होता. तोही पुढे काही याद्यांत जाऊन बसला.

आता दुसरे उदाहरण. अमेरिकेतील फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातील दोन मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. या मुलाला शर्टाच्या बटणांची भीती वाटत असे. पाच वर्षांचा असताना बालवर्गातील चित्रकामासाठी बटणे कमी पडली, म्हणून तो बाईंच्या टेबलावरील भांड्यातून आणखी बटणे घ्यायला गेला. हात निसटला आणि भांड्यातील सगळी बटणे त्याच्या अंगावर सांडली. तेव्हापासून बटणे दिसली की त्याला कसेसेच होऊ लागले. पुढे त्याला स्वतःचे कपडे घालता येईनात. गणवेशाच्या बटणांना आपला हात लागू नये, याच विवंचनेत वर्गातील शिकवण्याकडे त्याचे लक्ष लागेना.

दोन्ही गोष्टी ऐकताना प्रथम हसूच येते. पहिली विनोद म्हणूनच जन्माला आली, तेव्हा हसण्याला हरकत नाही. दुसरीत मात्र एका मुलाच्या आयुष्याची चार वर्षे गेली होती. विचित्र वाटणारी भीती खरी की खोटी, हे ती कशाची आहे यावरून किंवा तिला ग्रीक नाव आहे की नाही यावरून ठरत नाही. ती माणसाकडून काय हिरावून घेते, यावरून ते ठरते. मानसोपचारतज्ज्ञ निदान करताना याच कसोटीकडे पाहतात.

नावे पाडण्याचा जुना उद्योग

‘फोबिया’ या शब्दाचे मूळ ग्रीक पुराणकथांतील फोबोस या भयाच्या देवतेत आहे. युद्धदेव एरिस आणि प्रेमदेवता ॲफ्रोडायटी यांचा हा पुत्र. एरिसला रोमन लोक मार्स म्हणत, आणि मार्स हेच मंगळाचे नाव. म्हणून १८७७ मध्ये मंगळाचे दोन चंद्र सापडले, तेव्हा त्यांतील एकाला फोबोस हे नाव मिळाले. मराठीत फोबियासाठी ‘भयगंड’ हा शब्द रूढ आहे.

वैद्यकात या शब्दाचा सर्वांत जुना वापर ‘हायड्रोफोबिया’ या रूपात झाला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या रोगात पाणी पाहताच रुग्ण घाबरा होतो. ‘सुश्रुतसंहिते’त या लक्षणाला ‘जलत्रास’ म्हटले आहे. गंमत अशी की, आजच्या अर्थाने हा भयगंड मुळीच नाही. विषाणूच्या संसर्गामुळे घशाच्या स्नायूंना वेदनादायक आचके येतात, म्हणून रुग्ण पाण्यापासून दूर पळतो. नामावळीतील पहिलेच नाव अशा रीतीने चुकीच्या घरात गेलेले आहे.

भीतींच्या याद्या करून गंमत करण्याची हौसही आंतरजालाच्या काळातील नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे नामवंत वैद्य बेंजामिन रश यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस भयगंडांच्या प्रकारांवर एक खेळकर लेख लिहिला होता. उंदराचे आणि मांजराचे भय त्यात होतेच. त्याशिवाय ‘घराचे भय’ही होते. घरच्या माणसांपेक्षा गुत्त्यातील सोबत ज्यांना प्रिय, त्या पुरुषांना हा विकार जडतो, असे रश यांचे निदान होते. ‘रमचे भय’ मात्र फारच दुर्मीळ असल्याचे निरीक्षण त्यांनी नोंदवले. रश मद्यपानाचे कडवे टीकाकार होते. तेव्हा हा एकच विकार फैलावला असता, तर त्यांना आनंदच झाला असता.

गंभीर अभ्यासाला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये अशा पुरुषांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या, ज्यांना शहरातील मोकळा चौक ओलांडताना धाप लागे आणि कापरे भरे. त्यांनी या अवस्थेला ‘ॲगोराफोबिया’ म्हटले आणि त्यानंतर नावांचा पूर लोटला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी १८९७ मध्ये सुमारे १,७०० जणांनी सांगितलेल्या हजारो भीतींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे भीतींची एक लांबलचक ग्रीक नामावळीच तयार केली. सिग्मंड फ्रॉइड यांनी आपल्या व्याख्यानांत या यादीची फिरकी घेतली. बायबलमध्ये इजिप्तवर कोसळलेल्या दहा अरिष्टांची जी यादी आहे, तिच्यासारखीच ही वाटते, फक्त हिच्यातील संख्या दहाच्या कितीतरी पुढे जाते, असा त्यांचा अभिप्राय होता.

हा कारखाना अजून चालू आहे, कारण त्यासाठी भांडवल फार लागत नाही. ग्रीक शब्दकोश उघडावा, एखादा शब्द उचलावा आणि त्याला ‘फोबिया’चे शेपूट जोडावे. पीनट बटर टाळूला चिकटण्याच्या भीतीला ‘अरॅकिब्युटिरोफोबिया’ म्हणतात. लांबलचक शब्दांच्या भीतीसाठी तर ‘हिपोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडालिओफोबिया’ असा शब्द आहे. त्यातील ‘सेस्क्विपेडालियन’ हा भाग रोमन कवी होरेस याच्या थट्टेतून आला आहे. दीड-दीड फूट लांबीचे शब्द वापरणाऱ्या कवींना त्याने चिमटा काढला होता. पुढचे पाणघोडा आणि राक्षस कोणीतरी केवळ लांबी वाढवण्यासाठी जोडले. ज्याला खरोखरच लांब शब्दांचे भय असेल, त्याला आपल्या विकाराचे नावही उच्चारता येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. रविवारी दुपारी जेवून आडवे होताच दारावरची घंटा वाजेल, या भीतीलाही कोणी हौशी मनुष्य ग्रीक नाव देऊ शकेल. तेवढ्याने तो आजार होणार नाही.

निदानाच्या पुस्तकात काय आहे?

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘डीएसएम-५’ ही नियमावली आणि जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले ‘आयसीडी-११’ हे वर्गीकरण, या दोहोंचा आधार मनोविकारांच्या निदानासाठी जगभर घेतला जातो. शेकडो भारदस्त नावांची जंत्री या दोहोंतही नाही. तेथे ‘विशिष्ट भयगंड’ असे एकच निदान आहे आणि भीती कशाची, याची नोंद डॉक्टर साध्या शब्दांत करतात. ‘डीएसएम-५’मध्ये त्याचे पाच गट केलेले आहेत : प्राणी, उंची, वादळ, पाणी यांसारखे निसर्गाचे घटक, रक्त, सुई आणि जखम, विमान, लिफ्ट, बंदिस्त जागा यांसारखे प्रसंग, आणि उरलेले सारे काही.

हा शेवटचा ‘इतर’ गट मोठ्या मनाचा आहे. घास घशात अडकण्याची किंवा उलटी होण्याची भीती त्यातच येते. लहान मुलांना मोठ्या आवाजांची किंवा सोंगे घेतलेल्या माणसांची वाटणारी भीती तर तेथे उदाहरणादाखल दिलेली आहे. विदूषकाला पाहून भोकाड पसरणाऱ्या मुलाचीही दखल शास्त्राने अशा रीतीने घेतली आहे. बटणांची भीतीही याच गटात मोडते.

गट उदार असला तरी प्रवेशाच्या अटी मात्र कडक आहेत. ती वस्तू किंवा तो प्रसंग समोर येताच जवळजवळ प्रत्येक वेळी भीती उसळली पाहिजे. माणूस ती गोष्ट आवर्जून टाळत असला पाहिजे किंवा कमालीच्या त्रासाने सहन करत असला पाहिजे. भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने प्रमाणाबाहेर असली पाहिजे. हे सारे साधारणपणे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकले पाहिजे. सर्वांत महत्त्वाची अट अशी की, त्यामुळे माणसाला लक्षणीय यातना होत असल्या पाहिजेत किंवा त्याचे काम, शिक्षण, नातेसंबंध यांत अडथळा येत असला पाहिजे. शिवाय या त्रासाचा उलगडा दुसऱ्या एखाद्या मनोविकाराने होत नाही ना, हेही पाहावे लागते.

भीती प्रमाणाबाहेर आहे की नाही, हे ठरवताना माणूस कोठे राहतो आणि कोणत्या समाजात वावरतो, याचाही विचार करावा लागतो. सापाचे उदाहरण घ्यावे. २००० ते २०१९ या काळाविषयीच्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार मृत्यू झाले. पावसाळ्यात भातखाचरात उतरणारा शेतकरी बांधावर काठी आपटत जात असेल, तर तो शहाणपणा आहे. चौथ्या मजल्यावरील घरात, पाठ्यपुस्तकातील सापाच्या चित्राचे पान उघडेल म्हणून जीवशास्त्राचा अभ्यासच सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी आहे.

अशा खऱ्या भयगंडांचे प्रमाणही थोडेथोडके नाही. २२ देशांतील पाहण्यांवर आधारलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आयुष्यात कधी ना कधी विशिष्ट भयगंड अनुभवलेल्यांचे प्रमाण ७.४ टक्के होते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये ते दुप्पट होते. बहुतेकांची भीती बालपणीच सुरू झाली होती. त्या वयाची मध्यगा अवघी आठ वर्षे होती.

तेराचा आकडा : श्रद्धा की विकार?

भीती आणि भयगंड यांच्या सीमेवर अंधश्रद्धेचा एक मोठा पट्टा आहे. पाश्चात्त्य देशांत १३ हा आकडा अशुभ मानतात. चीन आणि जपानमध्ये ४ हा आकडा नकोसा असतो, कारण त्याचा उच्चार तेथील ‘मृत्यू’ या शब्दाशी जुळतो. चंदीगडच्या मूळ आराखड्यातही सेक्टर १३ नव्हता. मनीमाजरा परिसराला २०२० मध्ये ते नाव मिळेपर्यंत शहराच्या क्रमांकांत बारानंतर थेट चौदा येत असे. मराठी घरात मात्र धनत्रयोदशीला, म्हणजे तेराव्या तिथीला, दिवे लागतात आणि सोनेखरेदी होते. त्याच घरात मृत्यूनंतरच्या ‘तेराव्या’चा उल्लेख दबक्या आवाजात होतो. आकडा तोच असतो. प्रसंगाप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो.

अशा समजुती पाळणाऱ्या माणसाला भयगंड आहे, असे म्हणता येत नाही. तेराव्या मजल्यावरची खोली नको म्हणणारा पाहुणा बाराव्या मजल्यावर सुखाने झोपतो. संगीतकार अर्नॉल्ड शोनबर्ग यांची अवस्था याहून कठीण होती. त्यांचा जन्म १३ सप्टेंबर १८७४ रोजी झाला आणि तेराच्या आकड्याने त्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. ‘मोझेस उंड आरोन’ या आपल्या संगीतिकेच्या शीर्षकातील अक्षरे तेरा भरतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी ‘आरोन’ या नावातील एक अक्षर कमी करून ती बारा केली. १३ जुलै १९५१ हा शुक्रवार होता. तो दिवस त्यांनी चिंतेत, अंथरुणातच काढला आणि मध्यरात्र होण्याच्या थोडेच आधी त्यांचे निधन झाले. वयाची ७६ वर्षे पूर्ण झालेली होती, आणि सात अधिक सहा तेराच होतात. योगायोगाला अर्थ चिकटवायचा नसला, तरी एका आकड्याने एका प्रतिभावंताचे केवढे मनःस्वास्थ्य खाल्ले, हे यातून दिसते.

ख्यातनाम व्यक्तींच्या सगळ्याच भीती इतक्या खोल असतात, असे मात्र नाही. थरारपटांचे बादशहा आल्फ्रेड हिचकॉक यांनी आपल्याला अंड्यांची भीती वाटते, असे मुलाखतीत सांगितले होते. जगाला स्नानगृहात जायला घाबरवणाऱ्या दिग्दर्शकाच्या या कबुलीत खरे किती आणि अभिनय किती, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

छिद्रांची शिसारी

काही भीती मात्र ना धड विनोदात बसतात, ना धड निदानात. ‘ट्रायपोफोबिया’ हे त्याचे उत्तम उदाहरण. दाटीवाटीने असलेली छिद्रे पाहून काहींच्या अंगावर काटा येतो. हा शब्द २००५च्या सुमारास आंतरजालावरच रूढ झाला, त्यामुळे संशोधक प्रथम त्याच्याकडे फिरकले नाहीत. ब्रिटनमधील एसेक्स विद्यापीठाचे जॉफ कोल आणि अर्नॉल्ड विल्किन्स यांनी २०१३ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी २८६ प्रौढांना कमळाच्या बीजकोशाचे, म्हणजे ज्यात कमळगट्टे असतात त्या भोकाभोकांच्या शेंड्याचे, छायाचित्र दाखवले. सुमारे १६ टक्के लोकांना ते अस्वस्थ करणारे किंवा किळसवाणे वाटले. विषारी प्राण्यांच्या अंगावरील ठिपक्यांशी अशा चित्रांच्या रचनेचे साम्य असावे, असा तर्क या दोघांनी मांडला. देवी, खरूज यांसारख्या रोगांत त्वचेवर उठणाऱ्या फोडांशी या शिसारीचा संबंध असावा, असे नंतरच्या काही संशोधकांचे मत आहे.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये वेगळीच वाट धरली. त्यांनी लोकांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. सापासारख्या धोक्याच्या प्राण्यांची चित्रे पाहताना बाहुल्या विस्फारत होत्या. छिद्रांची चित्रे पाहताना त्या आकुंचन पावत होत्या. विस्फारणे हे भीतीचे लक्षण, तर आकुंचन किळसेशी जुळणारे. याचा अर्थ, नावात ‘फोबिया’ असले तरी येथे मुख्य भावना भयाची नसून किळसेची असावी.

मग ट्रायपोफोबिया खरा की खोटा? अनुभव खरा आहे, आणि तो बऱ्याच जणांना येतो. निदानाच्या पुस्तकांत त्याची स्वतंत्र नोंद नाही. जाळीदार अनारसा पाहून एखाद्याने नाक मुरडले आणि ताट पुढे सरकवले, तर ती आवडनिवड झाली. हीच शिसारी एखाद्याला बाजारात, उपाहारगृहात आणि मित्रमंडळींत जाऊ देत नसेल, तर तिचा विचार इतर कोणत्याही भयगंडाप्रमाणेच करावा लागेल.

भीती येते कोठून?

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण मानसशास्त्राने प्रयोगशाळेत सिद्ध केली ती १९२० मध्ये. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी ‘अल्बर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलावर प्रयोग केला. पांढऱ्या उंदराशी निर्धास्त खेळणारे ते बाळ उंदराला हात लावायला गेले की, मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारून कर्कश आवाज केला जाई. काही वेळा असे झाल्यावर नुसता उंदीर दिसताच ते रडू लागले. पुढे ससा आणि केसाळ कोटही त्याला नकोसे झाले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग कधीच बसणार नाही. मात्र निरुपद्रवी वस्तूला भीती कशी चिकटते आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर वस्तूंवर ती कशी पसरते, हे त्यातून स्पष्ट झाले. बटणांच्या भांड्याने त्या मुलाच्या बाबतीत हेच केले होते.

हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, तरी उभ्या मोटारीला पाहून किंचाळणारा माणूस सहसा दिसत नाही. झुरळ पाहून खुर्चीवर चढणारे मात्र घरोघरी असतात. मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ मध्ये यामागची एक उपपत्ती मांडली. आपल्या पूर्वजांना ज्या गोष्टींपासून धोका होता, त्यांची भीती शिकण्याची तयारी माणूस जन्मतःच घेऊन येतो, असे त्यांचे म्हणणे. सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांनी या विचाराला बळ दिले. प्रयोगशाळेतच वाढलेल्या माकडांना घाबरलेल्या माकडांच्या चित्रफिती दाखवल्या. चित्रफितीतील माकड सापाला घाबरताना दिसले, तर पाहणारी माकडेही सापाला घाबरू लागली. हीच घबराट फुलांना पाहून होत असल्याचे चित्रफितीत जोडून दाखवले, तेव्हा ती फुलांना घाबरायला शिकली नाहीत.

भीती पाहूनही लागते, ही गोष्ट घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाल दिसताच आईने किंवा बाबांनी फोडलेली किंकाळी मुलाच्या दृष्टीने एक धडाच असतो. झोपत नाही म्हणून मुलाला दाखवलेला बागुलबुवाही निरुपद्रवी असेलच, याची खात्री देता येत नाही.

उतारा : थोडे थोडे, पण समोरासमोर

या विषयातील सर्वांत दिलासादायक गोष्ट उपचारांची आहे. मनोविकारांच्या क्षेत्रात विशिष्ट भयगंड हा उपचारांना उत्तम प्रतिसाद देणाऱ्या विकारांपैकी एक समजला जातो. त्याचे मूळ १९२४ मधील एका साध्या प्रयोगात आहे. मेरी कव्हर जोन्स यांच्याकडे ‘पीटर’ या टोपणनावाचा एक छोटा मुलगा होता. त्याला सशाची भीती वाटे. जोन्स त्याला आवडीचा खाऊ देत आणि त्याच वेळी पिंजऱ्यातील ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवत. दिवसेंदिवस पिंजरा थोडा थोडा जवळ येत गेला. अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये या विचाराला व्यवस्थित उपचारपद्धतीचे रूप दिले. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये असे दाखवले की, योग्य तयारी केल्यास काही भयगंडांवर तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत मोठा फरक पडू शकतो. स्पेनमधील संशोधकांनी २००५ मध्ये तर झुरळांच्या भीतीसाठी आभासी झुरळे वापरली. डोळ्यांवरील उपकरणातून रुग्णाला समोरच्या खऱ्याखुऱ्या टेबलावर झुरळे फिरताना दिसत.

या सर्व पद्धतींचे सूत्र एकच आहे : टाळल्याने भीती वाढते, आणि रुग्णाच्या संमतीने, पायरीपायरीने सामोरे गेल्यास ती ओसरते. यातील ‘संमती’ आणि ‘पायरी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उंची, साप आणि अंधार या तिन्ही भीतींवर एकाच वेळी उपचार करू पाहणाऱ्या एका प्राध्यापकाचे चित्र लार्सन यांनीच काढले होते. ते पाहून हसावे. मात्र तो उपाय घरी करू नये. पालीला घाबरणाऱ्याच्या अंगावर रबरी पाल फेकणारे विनोदवीर नेमके हेच करत असतात.

प्रत्येक भीतीला एकच औषध लागू पडत नाही, हेही खरे. रक्त किंवा सुई पाहून चक्कर येणाऱ्यांचे शरीर इतर भयगंडांपेक्षा वेगळे वागते. त्यांच्या हृदयाची गती प्रथम वाढते, मग ती आणि रक्तदाब एकदम खाली येतात आणि माणूस कोसळतो. अशा रुग्णांना ‘अंग सैल सोडा’ हा सल्ला उलटा पडू शकतो. त्यांना हातापायांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरण्यास शिकवतात, म्हणजे रक्तदाब टिकून राहतो. बटणांना घाबरणाऱ्या मुलाच्या बाबतीतही प्रथम नेहमीची पद्धत वापरली गेली. जीन्सच्या मोठ्या बटणांपासून सुरुवात करून सर्वांत त्रासदायक अशा लहान, पारदर्शक प्लास्टिकच्या बटणांपर्यंत जायचे होते. मुलगा बटणे हाताळू लागला, पण त्याचा त्रास उलट वाढला. तेव्हा उपचारकांच्या ध्यानात आले की, त्याला बटणांची नुसती भीती नसून किळसही आहे. बटणे अंगावर पडत आहेत अशी कल्पना करणे, त्या वेळी नेमके काय वाटते ते सांगणे आणि त्या विचारांचा फेरविचार करणे, असे उपचार पुढे केले गेले. सहा महिन्यांनी आणि वर्षाने केलेल्या तपासणीत त्याचा त्रास अगदी किरकोळ उरला होता.

त्या मुलाला मदत मिळाली, कारण त्याच्या आईने ही तक्रार हसण्यावारी नेली नाही. भयगंड असलेल्या प्रौढ व्यक्तींना आपली भीती अवास्तव असल्याचे बहुधा ठाऊकच असते. त्यामुळे ‘त्यात घाबरण्यासारखे काय आहे?’ या प्रश्नाने त्यांना नवी माहिती मिळत नाही, फक्त लाज वाटते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असे म्हणून विषय संपवला की माणूस भीती लपवायला शिकतो. सुईच्या भीतीने मधुमेही रुग्ण इन्सुलिन टाळतो. बंदिस्त जागेच्या भीतीने कोणी एमआरआय तपासणी पुढे ढकलतो. उलटीच्या भीतीने एखादी तरुणी प्रवास सोडते, मग बाहेरचे जेवण सोडते, आणि काही जणी तर मातृत्वाचा विचारही दूर ठेवतात. याद्यांतल्या गमतीदार नावांच्या गर्दीत ही माणसे दिसेनाशी होतात.

भारतात मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ला देणारी ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. आपल्या भीतीचे ग्रीक नाव ठाऊक असण्याची तेथे गरज नाही. ती कशाची आहे, कधीपासून आहे आणि तिच्यामुळे काय काय करता येत नाही, एवढे आपल्या भाषेत सांगता आले तरी पुरते. बदक पाहत असल्याची शंका कोणाला खरोखरच सतावत असेल, जेवू आणि झोपू देत नसेल, तर पलीकडच्या समुपदेशकाने तीही शांतपणे ऐकून घ्यायला हवी.